चेंडू सुटला तेव्हा तुमची नजर कुठं होती?

पोट्ट्यानं चेंडू जाळीत घातला, दोन्ही हात पसरून तो कोपऱ्यातल्या झेंड्याकडं पळत सुटला आणि तेवढ्यात शिट्टी वाजली. ऑफसाइड. गोल नाही. गोलच्या मागं छत्री धरून त्याचे वडील उभे होते. रोवणीचे दिवस, बांधीत मजूर लावून ते तसेच आले होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पोटऱ्यांवर चिखल वाळलेला. तिथूनच ओरडले, "कायचं आफसाइड जी? माहा पोट्टा त एकटाच होता तिथं! कोनाच्या आंगाले बोट बी नाही लावलं त्यानं!"

शिट्टी माझ्या तोंडात होती म्हणून हसू बाहेर आलं नाही. मुलाची बाजू घेताना त्यांनी जे सांगितलं, तोच तर त्याचा कसूर होता. एकटाच होता तिथं. ऑफसाइड म्हणजे दुसरं काय?

भंडारा, मोहाडी, तुमसर, लाखनी, साकोली, लाखांदूर, पवनी. जिल्ह्याचे सातही तालुके मी शिट्टी घेऊन पायाखाली घातले. क्रीडा शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालो, गुडघे कुरकुरतात, तरी पावसाळ्यात सुब्रतो चषकाचे आणि शालेय स्पर्धांचे सामने लागले की कोणीतरी फोन करतं आणि मी जातो. इतक्या वर्षांत पालकांनी मला दिलेल्या शिव्या मोजल्या, तर निम्म्याहून जास्त ऑफसाइडच्या निघतील. हाताला चेंडू लागला, पाय अडवला, जर्सी ओढली, हे कडेला उभ्या माणसाला दिसतं. ऑफसाइड दिसत नाही. मग पंचानं समोरच्या शाळेचा चहा प्यायलाय, एवढाच अर्थ उरतो.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. यंदा मुलाचा किंवा मुलीचा सामना बघायला याल, तेव्हा हा एक नियम शिकून या. अर्ध्या तासाचं काम आहे. दहावीच्या भूमितीपेक्षा सोपं आहे, हे मी दोन्ही शिकवून पाहिलेला माणूस म्हणून सांगतो.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडं ऑफ साइड म्हटलं की क्रिकेट आठवतं. उजव्या हाताचा फलंदाज उभा राहिला की त्याच्या बॅटच्या पुढची बाजू ती ऑफ साइड आणि पायामागची ती लेग साइड. डावखुरा आला की बाजू उलटतात. सौरव गांगुली त्या बाजूचा राजा होता. तिथं ऑफ साइडला मारणं हे कौतुकाचं काम, कसूर नव्हे. फुटबॉलमधला शब्द वेगळ्या अर्थाचा. इथं साइड म्हणजे आपला पक्ष, आपली मंडळी. त्यांना मागं सोडून, शत्रूच्या पाठीमागं जाऊन उभा राहिलेला तो ऑफसाइड. इंग्लंडच्या ईटन नावाच्या जुन्या शाळेत पोरं या प्रकाराला 'चोरटेपणा' अशा अर्थाच्या शब्दानं ओळखत. आपल्या गल्लीतही गोलपाशी ठाण मांडून 'मले दे, मले दे' ओरडणारा एक पोट्टा असतोच. त्याच्यासाठीच हा नियम झाला असं समजा.

आता नियम. तीन गोष्टी एकदम जुळल्या तरच खेळाडू ऑफसाइडच्या जागी धरतात. तो समोरच्या संघाच्या अर्ध्या भागात हवा. स्वतःच्या अर्ध्यात किंवा मधल्या रेषेवर असेल तर प्रश्न मिटला. तो चेंडूच्या पुढं हवा. आणि समोरच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या पुढं हवा. शेवटचा बहुधा गोलकीपर असतो, म्हणून शेवटून दुसरा. चेंडूच्या किंवा त्या दुसऱ्या खेळाडूच्या अगदी बरोबरीत असेल तर ऑफसाइड नाही. ही सवलत 1990 साली मिळाली. त्याआधी बरोबरीतलाही ऑफसाइड धरत. मोजायचं ते डोकं, धड आणि पाय. हात मोजत नाहीत, कारण हातानं गोल करता येत नाही. हात कुठं सुरू होतो तर बगलेच्या खालच्या टोकाशी. तेव्हा "सर, त्याचा हात पुढं होता" असं कोणी सांगायला आलं तर मी ऐकून घेतो आणि सोडून देतो.

आणि नुसतं त्या जागी उभं राहणं हा गुन्हा नाही. पोरगा तिथं उभा राहून आभाळ बघत असेल तर बघू द्या. तिथून तो खेळात आला, चेंडू घेतला, गोलकीपरच्या डोळ्यांआड आला, किंवा खांबाला लागून परत आलेल्या चेंडूवर त्यानं फायदा उठवला, तर शिट्टी. मग समोरच्या संघाला तिथून इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे थेट गोल मान्य नाही अशी किक. पंच एक हात वर धरून उभा असतो तो याचसाठी. त्याला कोणी पोलिसाचा हात समजू नये.

आता भांडणाची खरी जागा. हे सगळं मोजायचं कोणत्या क्षणी?

चेंडू पोहोचला त्या क्षणी नाही. सहकाऱ्याच्या पायाचा चेंडूला स्पर्श झाला त्या क्षणी. शाळेच्या स्पर्धेत 17 वर्षांखालचा गट असतो. वय ठरलेल्या तारखेला मोजतात. नंतर सामन्याच्या दिवशी पोराला मिसरूड फुटली म्हणून त्याला कोणी बाद करत नाही. ऑफसाइडचंही तसंच आहे. पास निघाला त्या तारखेला तू कुठं होतास, एवढंच बघायचं. त्यानंतर तू पळत पळत गोलपाशी एकटा पोहोचलास तर तुझ्या पायांचं कौतुक. आणि पास निघाला तेव्हा पुढं होतास आणि चेंडू घ्यायला चार पावलं मागं आलास, तरी ऑफसाइड धुतलं जात नाही. ही दुसरी बाजू तर भल्याभल्यांना पटत नाही. "मागं येऊन घेतला जी!" आला असेल. तारीख निघून गेली होती.

कबड्डी पाहणाऱ्याला हे लगेच समजायला हवं, आणि भंडाऱ्यात कबड्डी न पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. लॉबी आठवा. चढाई करणाऱ्याचा कोणाला स्पर्श होण्याआधी लॉबीत पाय पडला तर तो बाद. स्पर्श झाला, झटापट सुरू झाली, की तीच लॉबी मैदानाचा भाग होते आणि तिथूनच तो निसटतो. जागा तीच, पाय तोच, फरक फक्त क्षणाचा. तिथं तुम्ही पंचाशी वाद घालत नाही, कारण स्पर्श आणि पाय दोन्ही एका जागी, दहा फुटांवर दिसतात. फुटबॉलमध्ये पास देणारा इकडं आणि घेणारा तिकडं, मध्ये पंचवीस-तीस मीटर. तुमची नजर असते चेंडूवर. चेंडू उडाला की नजर उडते, चेंडूबरोबर प्रवास करते आणि उतरते तेव्हा तुम्हाला दिसतो एकटा पोरगा किंवा त्याला गाठलेला बचावपटू. म्हणजे तुम्ही पाहिलं ते नंतरचं चित्र.

हिशेब करा. सातवी-आठवीतला चपळ पोरगा सेकंदाला सहा मीटर सहज पळतो. लांबचा पास हवेत दीड सेकंद राहिला तर तेवढ्यात तो नऊ मीटर गेला. पास निघताना तो बचावपटूच्या एक मीटर मागं होता, पोहोचताना आठ मीटर पुढं. तुम्ही म्हणता ऑफसाइड, पंच म्हणतो नाही. आणि त्याच वेळी बचावपटू उलट दिशेनं वर पळत असेल, तर दोघांमधलं अंतर पाव सेकंदात तीन मीटरनं बदलतं. पापणी लवायला जितका वेळ लागतो, साधारण तेवढ्यात अख्खा गोल इकडचा तिकडं.

म्हणून ओरडण्याआधी स्वतःला विचारा: चेंडू सुटला तेव्हा माझी नजर कुठं होती? उत्तर 'चेंडूवर' असेल तर गप्प बसायला हरकत नाही.

आणि उभं कुठं राहता, हेही बघा. गोलच्या मागं उभं राहून ऑफसाइड दिसूच शकत नाही. धानाची रोवणी दोरीवर केली तर ओळ सरळ आली की नाही हे कुठून कळतं? धुऱ्यावर, दोरीच्या टोकाशी उभं राहिलं तर. बांधीच्या मधून बघाल तर सरळ ओळही वाकडी वाटते. ऑफसाइडची दोरी म्हणजे शेवटून दुसऱ्या खेळाडूमधून मैदान आडवं कापणारी रेघ. ती दिसते फक्त कडेच्या रेषेवर, त्याच्या बरोबर समांतर उभं राहिलं तर. लाइनमन, ज्याला आता सहायक पंच म्हणतात, तो बिचारा सामनाभर त्या दुसऱ्या खेळाडूबरोबर खाली-वर पळत असतो तो याच कारणानं. 2000 साली हॉलंडच्या काही संशोधकांनी 'नेचर' या साप्ताहिकात दाखवून दिलं की लाइनमनच्या पुष्कळशा चुका या उभं राहण्याच्या जागेमुळं होतात: तो रेघेच्या थोडा पुढं किंवा मागं असला की डोळा त्याला फसवतो. तिथं तयार केलेला माणूस फसतो, तर छत्रीखाली गोलच्या मागं उभ्या बापाचं काय?

मोबाइलचंही तेच. हल्ली सामना संपला की कोणीतरी व्हिडिओ घेऊन येतं. "हे पाहा सर." पाहतो. व्हिडिओ गोलच्या मागून काढलेला असतो, किंवा कोपऱ्यातून, तिरपा. अशा व्हिडिओवरून मी माझा निर्णय बदलत नाही आणि समोरच्याला चूकही ठरवत नाही. त्यातून ऑफसाइड समजतच नाही, एवढंच सांगतो.

आता माझी चूक सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल सर फार शहाणे.

नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. तालुक्याचा सामना, शेवटची पाच मिनिटं, बरोबरी. एका पोरानं कडेवरून थ्रो टाकला, लांब. त्यांचा एक खेळाडू सगळ्या बचावपटूंच्या मागं उभा होता, त्यानं चेंडू छातीवर घेतला आणि आत ढकलला. मी शिट्टी फुंकली. ऑफसाइड. थ्रो टाकणारा पोरगा माझ्याकडं आला, हात मागं बांधून, अगदी वर्गात येतात तसा, आणि म्हणाला, "सर, थ्रोवर ऑफसाइड असते का?" मी म्हणालो, "गप, खेळ." पुढं त्यांच्यावर गोल झाला, ते हरले. रात्री घरी नियमांचं पुस्तक उघडलं. थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नर, या तिन्हींवरून चेंडू थेट मिळाला तर ऑफसाइड नसतं. स्वच्छ छापलेलं होतं.

निकाल बदलता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या शाळेत जाऊन पोरांसमोर चूक कबूल करायला हवी होती. मी गेलो नाही. आठवडाभर कारणं शोधली आणि मग विषय संपला असं मानलं. तो पोरगा आता चाळिशीच्या पुढचा आहे, बसस्टँडजवळ त्याचं दुकान आहे. मी दिसलो की चहा मागवतो आणि गिऱ्हाइकांसमोर विचारतो, "सर, थ्रोवर ऑफसाइड असते का?" मी चहा पितो.

तेव्हा ही तीन नावं पाठ करून घ्या: थ्रो-इन, गोलकिक, कॉर्नर. त्यातही कॉर्नरचा एक काटा आहे, तो पोरांना सांगा. कॉर्नर मारणारा पोरगा बहुतेक वेळा मारून तिथंच रेंगाळतो. चेंडू जवळच्याला दिला, त्यानं तो परत याच्याकडं ढकलला. आता हा दुसरा पास झाला, कॉर्नरची सवलत संपली, आणि हा पठ्ठ्या गोलरेषेला चिकटून सगळ्यांच्या पुढं. ऑफसाइड. एका पावसाळ्यात दोनतीनदा तरी मी ही शिट्टी फुंकतो, आणि दरवेळी संघाचे शिक्षकच आधी मैदानात येतात.

नियम आला कुठून, हे थोडक्यात सांगतो, कारण त्यावरून तो कशासाठी आहे ते कळतं. 1863 मध्ये लंडनला फुटबॉलचे पहिले नियम लिहिले गेले, तेव्हा चेंडूच्या पुढं असलेला कोणीही सहकारी ऑफसाइड होता. रग्बीत जवळपास तसंच आजही आहे. त्यामुळं पुढं पास देणं जमतच नसे, सगळे चेंडूमागं घोळक्यानं पळत. 1866 ला सूट मिळाली: तुझ्या आणि गोलच्या मध्ये समोरचे तीन जण असतील तर चालेल. 1907 ला स्वतःच्या अर्ध्यातलं ऑफसाइड गेलं. मग बचावपटू हुशार झाले. न्यूकॅसलचा बिल मॅक्रॅकन नावाचा बचावपटू नेमक्या वेळी चार पावलं पुढं सरकून हल्लेखोराला ऑफसाइडच्या खड्ड्यात टाकण्यात इतका तरबेज झाला, की सामने कंटाळवाणे होऊ लागले. 1925 मध्ये तीनाचे दोन केले. त्याआधीच्या हंगामात इंग्लंडच्या पहिल्या विभागात 1192 गोल झाले होते. नियम बदलल्यावरच्या हंगामात 1703. एका आकड्याची ही करामत. हॉकीनं तर हा नियम हळूहळू ढिला करत 1990 च्या दशकाच्या अखेरीस काढूनच टाकला. ध्यानचंद खेळले तेव्हा हॉकीत तीन माणसांचं ऑफसाइड होतं, हे लक्षात घेऊन त्यांचे गोल मोजा.

फुटबॉलनं मात्र नियम ठेवला. तो नसेल तर दोन उंच पोरं गोलपाशी उभी राहतील, बाकीचे मागून लांब ठोकतील, आणि मधल्या मैदानात गवत वाढेल.

टीव्हीमुळं आपली पोरं हल्ली बरंच शिकलेली असतात, आणि बरंच चुकीचंही. 22 नोव्हेंबर 2022 ला दुपारी साडेतीनला अर्जेंटिना आणि सौदी अरेबियाचा विश्वचषकातला सामना होता. पहिल्या हाफमध्ये अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड म्हणून रद्द झाले. एक मेस्सीचा, दोन लाउतारो मार्तिनेझचे. सौदीचे बचावपटू जीव मुठीत धरून वर वर सरकत होते, आणि सामना ते 2-1 नं जिंकले. तिथं छताखाली 12 कॅमेरे होते, प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे 29 बिंदू सेकंदाला 50 वेळा टिपले जात होते, आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला 500 वेळा सांगत होता की पाय कधी लागला. आपल्याकडं एक पंच, कधी दोन झेंडे, कधी एकही नाही, आणि फक्कीची रेघ पहिल्या सरीत वाहून गेलेली. दोन्हीकडं नियम तोच. अपेक्षा मात्र जरा बेतानं ठेवा.

टीव्हीवरून पोरांनी घेतलेली एक खोड तर मला छळते. बचावपटू हात वर करतो आणि थांबतो. शिट्टी नाही, झेंडा नाही, तरी हा हात वर करून पंचाकडं बघत उभा, आणि समोरचा त्याच्या शेजारून गोल करून येतो. मुलांना सांगा, हात वर करणं हे पंचाचं काम आहे. शिट्टी ऐकू येईपर्यंत पळायचं. दुसरी खोड लाइनमनची. मोठ्या सामन्यात झेंडा उशिरा वर जातो, कारण नंतर व्हिडिओ तपासायची सोय असते. आपल्याकडं ती सोय नाही, तेव्हा ऑफसाइडचा खेळाडू खेळात आला हे पक्कं झालं की झेंडा लगेच वर गेला पाहिजे. आणि पंचानं शिट्टी दिल्यावर तो झेंडा कसा धरला हेही बघत जा: वर तिरका म्हणजे मैदानाच्या पलीकडच्या बाजूला, सरळ आडवा म्हणजे मध्ये, खाली तिरका म्हणजे अलीकडं.

लहान मुलांबद्दल माझं मत वेगळं आहे. चौथी-पाचवीच्या पोरांना ऑफसाइड नको. धान कापून झाल्यावर रिकाम्या बांधीत, धसकटं तुडवत, दोन बांबू रोवून पोरं खेळतात, तिथं हा नियम नेऊ नका. आपल्यापासून साठेक किलोमीटरवर नागपूरला हिस्लॉप कॉलेजच्या विजय बारसे सरांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांचा फुटबॉल सुरू केला. 'झुंड' सिनेमा त्यांच्याच कामावर बेतलेला. त्यांची मुलं पुढं जो बेघरांचा विश्वचषक खेळायला गेली, तो छोट्या मैदानावर, गोलकीपर धरून चार-चार जणांचा. तिथं ऑफसाइड नसतं. फुटसालमध्येही नसतं. लहान जागेत त्याची गरजच पडत नाही. पोराला आधी चेंडू आवडू द्या. अकरा जणांच्या मोठ्या मैदानावर गेला की मग नियम.

शिक्षकांना आणि गावातल्या मंडळांना थोडं वेगळं सांगायचं आहे. आपल्याकडं स्पर्धा घेतो तेव्हा मंडप, माइक, हारतुरे, पाहुण्यांच्या खुर्च्या सगळं ठरतं आणि सकाळी आठ वाजता आठवण येते की लाइनमन नाहीत. मग कडेला उभ्या कोणत्याही पोराच्या हातात झेंडा देतात. तो चेंडू बाहेर गेला की झेंडा दाखवतो, तेवढं त्याला जमतं, पण ऑफसाइडवर तो आपल्या मित्राच्या संघाकडं बघतो. त्याला दोष देऊ नका. प्रत्येक शाळेनं, प्रत्येक मंडळानं दोन माणसं तयार करावीत, त्यांना नियम वाचून दाखवावा, चार सराव सामन्यांत कडेला पळवावं. माजी खेळाडू असेल तर उत्तम, नसेल तर कोणी पालक. आई असली तर आणखी बरं. माझ्या अनुभवात बायका शेवटून दुसरी कोण हे पटकन ओळखतात आणि आपल्या लेकीविरुद्धही झेंडा वर करतात. बापांना ते जड जातं. ज्यांना हे करायचं नाही अशा लाइनमननी फक्त चेंडू बाहेर गेल्याचं सांगावं आणि ऑफसाइड पंचावर सोडावं. हे सामन्याआधीच दोन्ही संघांना सांगून टाकावं, म्हणजे नंतर तोंड वाजत नाही.

कोल्हापूरला मी एकदा राजर्षी शाहू स्टेडियमवर सामना बघायला गेलो होतो. तिथं पेठापेठांचे संघ, तालमींची नावं, आणि प्रेक्षक असा की झेंडा वर जायच्या आधी त्याला कळलेलं असतं. तिथंही भांडतात, बाप्पा, आपल्यापेक्षा दहापट भांडतात. पण भांडण 'तो बरोबरीत होता की नव्हता' यावर असतं. 'एकटा होता म्हणून काय झालं' यावर नसतं. एवढा फरक आपल्याकडं पडला तरी मला पुरे.

त्या छत्रीवाल्या वडिलांचं सांगायचं राहिलं. सामना संपल्यावर मी त्यांना कडेच्या रेषेवर बोलावलं. आले, पण फुगलेले. मी म्हणालो, "चप्पल काढा." आधी ते दचकलेच. मग त्यांच्या दोन चपला, माझे दोन बूट आणि एक पाण्याची बाटली. बाटली म्हणजे पास देणारा. एक चप्पल त्यांचा पोरगा, दुसरी चप्पल बचावपटू, एक बूट गोलकीपर. दुसरा बूट म्हणजे चेंडू, तो बाटलीपाशी. त्यांना रेषेवर उकिडवं बसवलं, बचावपटूच्या चपलेच्या बरोबर समोर. "आता बघा, पोरगा कुठं आहे?"

"पुढं हाये."

"पास निघाला का?"

त्यांनी बूट उचलून पोराच्या चपलेपाशी नेला. मध्येच थांबले, परत मागं नेला, बाटलीशी ठेवला. पोराची चप्पल एक वीत मागं ओढली, बचावपटूच्या चपलेच्या बरोबरीत. माझ्याकडं पाहिलं.

"आता नाही," मी म्हणालो.

दोन मिनिटं ते चपलाच सरकवत होते. मग गोलकीपरचा बूट उचलून त्यांनी तो थेट बाटलीच्या पुढं आणून ठेवला. "ना हा गोलकीपरच असा पुढं निंगून आला त? मंग मांगं एकच उरला ना जी?"

कतारचा विश्वचषक 20 नोव्हेंबर 2022 ला सुरू झाला, तेव्हा तिसऱ्याच मिनिटाला इक्वेडोरचा गोल याच कारणानं रद्द झाला होता. गोलकीपर पुढं आलेला, मागं एकच बचावपटू, आणि इक्वेडोरच्या एका खेळाडूचा पाय त्या दुसऱ्याच्या पुढं. जगभरातल्या प्रेक्षकांना मिनिटभर कळेना. मी त्यांना ते सांगायला लागलो, तेवढ्यात पुढच्या सामन्याचे संघ मैदानात उतरले आणि कोणीतरी मला हाक मारली.

"थांबा जी सर," ते उकिडवेच बसून म्हणाले, "हे एक सांगून जा." माझे दोन्ही बूट त्यांच्या हातात होते.